जीव घाबरा झाला की आधी श्वास सोडा

जुलै लागला आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलं याचे मेसेज फिरायला लागले की आमच्या सांगलीत बऱ्याच घरांतली झोप उडते. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. सासूबाईंना हाताला धरून बोटीत बसवलं तेव्हा मला भीती वाटली नाही, वाटायला वेळच नव्हता. ती आली तीन महिन्यांनी, चिखल उपसून, भिंतींना रंग लावून सगळं मार्गी लागल्यावर. पत्र्यावर साधी सर वाजली तरी छातीत धडधड, हातपाय गार, पोटात गोळा. एका रात्री मला हार्ट अटॅकच आलाय अशी खात्री झाली आणि आम्ही मिरजेला दवाखाना गाठला. ईसीजी चांगला आला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, काही महिने गोळ्या दिल्या आणि जोडीला श्वासाचा सराव करायला सांगितला.

त्या सरावानं मला हात दिला. पुढे मी योगशिक्षकाचा कोर्स केला, आणि आता रोज सकाळी सहा वाजता आमच्या गल्लीतल्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण जमतात. कुणाला पुराची धास्ती, कुणाला कर्जाची, कुणाला लेकीच्या परीक्षेची. या सगळ्यांबरोबर करता करता जे जमलं, ते जसं शिकवते तसंच इथं लिहिते आहे.

सुरुवात कुठून करायची

माणूस घाबरला की आजूबाजूचे सगळे सांगतात, "दीर्घ श्वास घे." माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. घाबरलेल्या माणसाची छाती आधीच भरलेली असते. तो भराभर, वरच्या वर श्वास घेत असतो आणि पुरता सोडतच नाही. त्यात आणखी हवा ओढायला लावली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्यामुळे तो आणखीनच घाबरतो.

धरण काठोकाठ भरल्यावर दरवाजे उघडून उपयोग नसतो, विसर्ग आधीपासून सुरू ठेवावा लागतो, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको. श्वासाचंही तेच आहे.

हे स्वतःच्या हातावर पाहता येतं. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी शोधा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित संथ. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची मज्जातंतू आहे, ती हृदयाला लगाम घालते, आणि श्वास सोडताना तो लगाम जास्त ओढला जातो. म्हणून सोडणं लांबवलं की धडधड उतरू लागते. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात मन अस्वस्थ झाल्याच्या खुणा सांगितल्या आहेत: दुःख, खिन्नता, अंगाला कंप आणि बिघडलेला श्वास. पुढे तीनच सूत्रांनंतर उपाय येतो, त्यातही आधी शब्द आहे प्रच्छर्दन, म्हणजे श्वास बाहेर टाकणं.

त्याआधी हे पाहून घ्या

छातीत दुखून ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जात असेल, दरदरून घाम येत असेल, दम लागत असेल, तर तो चिंतेचा झटका आहे असं स्वतःच ठरवू नका. आधी दवाखाना. थायरॉइड वाढला असेल तरी धडधड आणि हात थरथरणं होतं, रक्तातलं हिमोग्लोबिन फार उतरलं तरी होतं. एकदा रक्त तपासून घेतलं की मनातली एक शंका तरी मिटते. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, दमा, फिट्स, मणक्याचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर खालचा सराव डॉक्टरांना दाखवून मगच करा. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी बजावते, कारण चार दिवस बरं वाटलं की गोळ्या सोडणारे खूप आहेत.

पहिला आठवडा: नुसती फुंकर

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसा. एक हात पोटावर, बेंबीच्या वर. घड्याळ लावून एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेत बारीक अक्षरात लिहून ठेवा. बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० होतात. जास्त आले तरी घाबरू नका. तो आकडा फक्त तुमच्यासाठी आहे, कुणाशी बरोबरी करायची नाही.

आता फुंकर. वाटीत गरम दूध आहे, वर साय धरली आहे, असं समजा. खरंच वाटी घेतलीत तर आणखी चांगलं, मी नव्या माणसाला वाटीच देते. ओठांचा लहानसा चंबू करून सायीवर अशी फुंकर घाला की साय नुसती थरथरेल, फाटणार नाही. फुंकर जोरात झाली तर साय गोळा होऊन कडेला जाते, आणि फार हळू झाली तर हलतच नाही. या दोन्हींच्या मधली जी फुंकर आहे, तीच आपल्याला हवी आहे. पोटावरचा हात आत जाईपर्यंत ती चालू ठेवा. मग काहीच करू नका. श्वास आपोआप नाकातून आत येईल, ओढायचा नाही.

अशा दहा फुंकरा घाला. थोडं थांबा, पुन्हा दहा. सकाळी पाच मिनिटं आणि संध्याकाळी दिवेलागणीला पाच मिनिटं. तीन-चार दिवसांनी मनात मोजायला लागा: चारपर्यंत मोजत नाकानं घ्यायचा, सहापर्यंत मोजत सोडायचा. सेकंदाला एक अंक असा वेग साधला की मिनिटाला सहा श्वास होतात. चार आणि सहा जड जात असतील तर तीन आणि पाच घ्या. आकडा महत्त्वाचा नाही, सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं म्हणजे झालं. श्वास रोखून धरायचा नाही. कुंभक हा नंतरचा आणि गुरूसमोर शिकण्याचा भाग आहे, चिंतेच्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

पहिल्या आठवड्यात एवढंच. आसनं नाहीत, काही नाही. लोकांना हे फार थोडं वाटतं, पण रोजची दहा मिनिटं सात दिवस न चुकता करणारे शंभरात किती निघतात ते मी पाहिलं आहे, म्हणून मी इथं घाई करू देत नाही.

दुसरा आठवडा: आधी अंग हलू द्या

मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात काम करणारे एक मामा वर्गाला येतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, मला ते डोळं मिटून बसायचं जमत न्हाई. लगीच पाणी दिसतंय." त्यांनी ते खालच्या आवाजात, जणू चूक कबूल करावी तसं सांगितलं. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. घाबरलेलं शरीर पळायच्या तयारीत असतं: मांड्या ताठ, खांदे कानांशी, जबडा आवळलेला. अशा शरीराला एकदम गप्प बसवलं तर आतला गोंधळ जास्तच ऐकू येतो. म्हणून डोळे उघडे ठेवा, समोर जमिनीवर चार हात अंतरावर एखादी फरशी किंवा चटईची किनार पाहा. आणि बसण्याआधी अंग हलवा.

दहा मिनिटं भरभर चाललं तरी चालेल. ज्यांचे गुडघे आणि कंबर ठीक आहेत त्यांनी चार ते सहा सूर्यनमस्कार घालावेत, पण सावकाश. सूर्यनमस्काराला आपल्या भागात मोठी परंपरा आहे. साताऱ्याच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो स्वतः आयुष्यभर घातला आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींपर्यंत नेला. आज आपल्या सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी त्याच संस्थानात होती. त्यामुळे आमच्या वर्गातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना तो लहानपणीच अंगवळणी पडलेला आहे. चिंतेसाठी मात्र बारा-चोवीसची संख्या गाठायची नाही. प्रत्येक वाकण्याला श्वास सोडा, तो पूर्ण संपला की मगच पुढची स्थिती. धाप लागली तर वेग चुकला असं समजा.

त्यानंतर तीन आसनं.

मार्जारासन. गुडघे कमरेखाली, तळवे खांद्यांखाली, रांगणाऱ्या बाळासारखं. श्वास घेताना पाठ खाली आणि नजर किंचित वर. सोडताना मांजर आळस देतं तशी पाठ वर गोल करा, हनुवटी छातीकडे. आठ-दहा वेळा. मनगटं दुखत असतील तर मुठी टेकवा.

शशांकासन. वज्रासनात बसा, श्वास सोडत पुढे वाका, कपाळ जमिनीवर. जमिनीपर्यंत पोचत नसेल तर मधे उशी किंवा लोड घ्या, ओढाताण करू नका. पोट मांड्यांवर टेकलेलं असतं, त्यामुळे श्वास पाठीत भरतो तो स्पष्ट कळतो. तिथं दहा श्वास राहा. गुडघे वाकत नाहीत त्यांनी खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर दोन्ही हातांची घडी आणि त्यावर कपाळ ठेवावं. आमच्या सासूबाई असंच करतात, आणि बहुतेक वेळा तिथंच डुलकी काढतात.

भिंतीला पाय, म्हणजे विपरीत करणीचा सोपा प्रकार. भिंतीपासून वीतभर अंतरावर बसायची जागा ठेवून आडवं व्हा आणि पाय भिंतीवर सरळ वर टेका. डोक्याखाली पातळ घडी. पाच मिनिटं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांना याचा आराम लगेच जाणवतो. उठताना घाई नको, आधी कुशीवर वळायचं. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर हे आसन सोडून द्या.

या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागतात. शेवटी फुंकरीची पाच मिनिटं आहेतच.

तिसरा आठवडा: भ्रामरी

सगळ्या प्राणायामांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो भ्रामरी, आणि तो शिकवताना मला मिरजेची आठवण होते. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवताना एकदा शेजारी बसून पाहा. कारागीर तार छेडतो आणि घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा केसभर पुढे-मागे सरकवत राहतो. सुरुवातीला तार कोरडी वाजते. दोरा नेमक्या जागी आला की तोच सूर एकदम उघडतो, गुंजत राहतो आणि भोपळ्यात घुमत जातो. त्याला जवारी लागली म्हणतात. भ्रामरीत आपल्याला तीच जागा शोधायची आहे, घशात आणि टाळूत.

ताठ पण सैल बसा. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांना लागू देऊ नका, जीभ सैल. नाकानं साधा श्वास घ्या आणि सोडताना म्म्म असा आवाज काढा. आधी खालच्या पट्टीत. हळूहळू सूर थोडा वर, थोडा खाली करून पाहा. एका ठिकाणी ओठ, नाकाचं हाड आणि कपाळ एकदम झिणझिणायला लागतील. ती तुमची पट्टी. रोज तिथंच लावायची. आवाज मोठा नको, शेजारच्या खोलीत ऐकू गेला तर जास्त झाला. गुंजन जेवढं लांबतं तेवढा श्वास आपसूक लांबतो, मोजायचीही गरज उरत नाही. ज्यांना फुंकर मोजताना गोंधळायला होतं त्यांना म्हणूनच भ्रामरी सोपी जाते. पाच ते सात वेळा करा. कानांवर अंगठे ठेवायची पद्धत आहे, पण कान बंद केल्यावर कोंडल्यासारखं वाटत असेल तर हात मांडीवरच राहू द्या.

भ्रामरीनंतर जमत असेल तर नाडीशोधन घ्या. उजव्या हाताच्या अंगठ्यानं उजवी नाकपुडी बंद करून डावीनं श्वास घ्या, मग अनामिकेनं डावी बंद करून उजवीनं सोडा. उजवीनंच घ्या, डावीनं सोडा. हे एक आवर्तन. अशी पाच ते दहा, न रोखता. सर्दी झाली असेल त्या दिवशी राहू द्या.

एक गोष्ट आवर्जून सांगते. कपालभाती आणि भस्त्रिका टीव्हीवर पाहून सगळेच करतात. ज्यांना घाबरण्याचे झटके येतात त्यांनी सुरुवातीला हे दोन्ही टाळावेत. भराभर श्वासानं जी धडधड आणि गरगर होते ती हुबेहूब झटक्यासारखीच असते, आणि शरीर फसतं. माझ्या वर्गात येण्याआधी एक बाई रोज पंधरा मिनिटं कपालभाती करत होत्या आणि आपली चिंता का वाढते आहे हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते थांबवलं आणि फुंकर धरली, तेव्हा त्यांची सकाळ हलकी व्हायला लागली.

शवासन

नावामुळे काहींना हे नकोसं वाटतं. उताणं पडून डोळे मिटले की उघडं पडल्यासारखं होतं, दचकायला होतं. त्यांनी डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन पडावं. अंगावर गोधडी घ्या, आईनं किंवा आजीनं शिवलेली जाड, जड गोधडी असेल तर तीच. तिच्या वजनानं अंग जमिनीला टेकतं. मग पायाच्या बोटांपासून वर येत एकेक भाग आधी आवळा आणि श्वास सोडत सैल सोडा: पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. जबड्याशी जरा जास्त वेळ थांबा. दहा मिनिटं पुरेत.

झटका आलाच तर

बसमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, कुठंही येऊ शकतो. तेव्हा आसनं आठवत नाहीत. म्हणून चारच गोष्टी पक्क्या करून ठेवा आणि बऱ्या दिवशी त्यांची उजळणी करा. दोन्ही पावलं जमिनीवर दाबा, टाचा जाणवेपर्यंत. हाताशी जे घट्ट असेल ते धरा, बसचा दांडा, खुर्ची, शेजारच्या माणसाचा हात. हवा आधी बाहेर सोडा, सायीवरची फुंकर, तीन वेळा. मग समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. पाणी मिळालं तर तोंडावर गार हबके मारा. झटका सहसा काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरायला लागतो. तो थांबवायचा नसतो, त्याच्या उतरण्याची वाट पाहायची असते. पळून बाहेर जाण्यापेक्षा, सुरक्षित असेल तर, आहे तिथंच दोन मिनिटं टिकून राहिलात तर पुढच्या वेळी त्या जागेची भीती कमी वाटते.

रात्री दोन-अडीचला जाग आली तर अंथरुणात तळमळू नका. उठा, दिवा मंद ठेवा, शशांकासन किंवा टेबलावर कपाळ, वीस फुंकरा, मग पुन्हा आडवं व्हा. घड्याळाकडे पाहू नका. दुपारी चारनंतरचा चहा बंद केलात तर या जागण्या कमी होतात, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं

योगानं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये जामा सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात सततच्या चिंतेच्या आजारावर अमेरिकेतला एक अभ्यास आला. २२६ माणसं, १२ आठवडे. योग करणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांना चांगला फरक पडला, नुसती तणावाची माहिती आणि शिकवण मिळालेल्यांपैकी ३३ टक्क्यांना, आणि विचारांच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, म्हणजे सीबीटी, घेणाऱ्यांपैकी जवळपास ७१ टक्क्यांना. योगाचा उपयोग होतो, आणि समुपदेशन त्याच्याही पुढे आहे. दोन्ही बरोबर करायला कुणाची आडकाठी नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, घराबाहेर पडणं टाळता आहात, कामावर लक्ष लागत नाही, दारूचा आधार घ्यावा लागतो आहे, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असं मनात येत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं. आमच्या वर्गातल्या पाटीवर हा क्रमांक खडूनं कायमचा लिहिलेला आहे.

पावसाळ्यासाठी

सराव उन्हाळ्यातच सुरू करा. पाणी वाढल्यावर फुंकर शिकता येत नाही. आणि तयारी खरी करा, कारण भीतीचा काही भाग खरा असतो आणि त्याला श्वासानं नव्हे, कामानं उत्तर द्यावं लागतं. जूनमध्येच कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, गोळ्यांचा पंधरा दिवसांचा साठा, टॉर्च, चार्जर, कपड्यांचे दोन जोड, जायचं कुठं ते ठिकाण नक्की. पिशवी वरच्या खुंटीला अडकवून ठेवली की मन निम्मं शांत होतं.

मग मेसेज. पातळीचा आकडा दिवसातून दोनदाच पाहायचा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, प्रशासनाकडून आलेला. ग्रुपवरचे फोटो, जुने व्हिडिओ उघडायचे नाहीत. घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्या आणि बाकीच्यांनी त्याला विचारू नये असं ठरवा. पाणी ४० फुटांच्या वर असेल त्या रात्री पाळी लावा. आमच्याकडे मी पहिली पाळी घेते, यांची पहाटेची. पाळी नसलेल्यानं फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, भिंतीला पाय लावून पाच मिनिटं पडायचं, भ्रामरी सात वेळा, आणि गोधडी घेऊन कुशीवर झोपायचं. गेल्या पावसाळ्यात एकदा पहाटे यांनी मला हलवून उठवलं आणि म्हणाले, "पाणी फूटभर उतरलंय, झोप तू." मी झोपलेलीच होते.